म्हशीला रेडकूच

बाळासो चौगले वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी पुन्हा बाकावर बसला, ते कुणी बसवलं म्हणून नव्हे. हौस त्याची स्वतःची होती. पन्हाळ्याच्या पायथ्याच्या गावचा हा माणूस कोल्हापुरातल्या एका दूध संघात जनावरांच्या विभागाला लेखनिक होता. काम एकच, रजिस्टर. कुठल्या गावच्या कुठल्या गोठ्यात कुठलं जनावर, कानातल्या बिल्ल्याचा नंबर काय, गाभण कधी राहिलं, कितवं वेत, व्यालं कधी, पिल्लू काय झालं. वीस वर्षांत अडतीस रजिस्टरं त्याच्या हातानं भरली होती. एखाद्या म्हशीचा नंबर सांगितला की तिची आई, आईची आई तो कपाट न उघडता सांगायचा. संघात त्याचं कुणाला फारसं कौतुक नव्हतं. जनावरांची वंशावळ पाठ असणं ही काय सांगायची गोष्ट?

सत्त्याण्णव साली संघात कॉम्प्युटर आला. सात-आठ महिने तो साहेबांच्या खोलीत कापडाखाली झाकून होता, मग एक दिवस बाळासोच्या टेबलावर आला. "चौगले, तुमची रजिस्टरं ह्यात घाला," एवढंच साहेब म्हणाले. कशी घालायची ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. म्हणून बाळासोनं राजारामपुरीत आठव्या गल्लीतला एक क्लास गाठला. कॉलेजच्या पोरापोरींमध्ये धोतर सोडून नुकताच पॅन्टमध्ये आल्यासारखा अवघडून तो मागच्या बाकावर बसू लागला.

क्लास शिवकुमारचा. सत्तावीस वर्षांचा सडसडीत पोरगा, गडहिंग्लजच्या पलीकडच्या गावचा. घरात कानडी, बाहेर मराठी, आणि फळ्यापुढं उभा राहिला की तिसरीच भाषा. बरोबरीचे सगळे पुण्याला पळत असताना ह्यानं कोल्हापुरातच सॉफ्टवेअर करायचं मनावर घेतलं होतं. वडीलधाऱ्या बाळासोला तो 'अण्णा' म्हणायचा, आणि बाळासो त्याला 'सर'.

एके दिवशी शिवकुमार जावा ह्या कॉम्प्युटरच्या भाषेतला इंटरफेस शिकवत होता. "इंटरफेस म्हणजे बोली," तो म्हणाला. "काय देणार ते आधी बोलायचं. कसं देणार ते ज्याचं त्यानं बघायचं. पण जे बोललं ते दिलंच पाहिजे." मागच्या बाकावरच्या माणसाचं काम त्याला माहीत होतं, म्हणून उदाहरण त्यानं जनावराचंच घेतलं. फळ्यावर 'जनावर' अशी बोली लिहिली. त्यात एक ओळ: पिल्लू मागितलं तर 'जनावर' मिळेल. खाली ही बोली पाळणारी 'म्हैस' लिहिली आणि तिच्याही पोटात तीच ओळ तशीच उतरवली. पिल्लू मागितलं तर 'जनावर' मिळेल.

बाळासोनं हात वर केला. "सर, म्हशीनं 'जनावर देईन' असं का म्हणायचं? म्हशीला रेडकूच हुणार की."

पोरं खो खो हसली. शिवकुमार हसला नाही. त्यानं खडू खाली ठेवला. "पुन्हा बोला, अण्णा."

बाळासोला वाटलं, आपलं काहीतरी चुकलं. पण तोंडातनं गेलं ते गेलं. "न्हाय म्हंजे, बोली जनावराची हाय. म्हशीनं म्हैसच दीन म्हटलं तर बोली मोडती व्हय? रेडकू जनावरच हाय की. ज्यानं नुस्तं जनावर मागितलं त्याचं बी भागलं, आन् जो म्हैस म्हणूनच तिच्याकडं आला त्याला नेमकं घावलं. कमी कुणालाच मिळालं न्हाय."

शिवकुमारनं फळ्याला पाठ टेकली. मग म्हणाला, "ह्याला कोव्हेरियन्स म्हणतात. बोली पाळणाऱ्यानं ठरल्यापेक्षा जास्त नेमकं दिलं तरी बोली पाळलीच गेली. सी प्लस प्लस ह्या भाषेत तुमचं म्हणणं चालतं. जावात चालत नाही. बोलीत जो शब्द, तोच शब्द खाली."

"का वो?"

"का ते मलाही पटलेलं नाही, अण्णा."

शिकवणारा माणूस भर वर्गात असं बोलतो हे बाळासोनं आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. क्लास सुटल्यावर दोघं कोपऱ्यावर चहाला गेले आणि तासभर उभ्याउभ्याच बोलत राहिले. बाळासोला जे जन्मभर ठाऊक होतं, गोठ्यातलं, वेताचं, वळूचं, ते सगळं त्या पोराला हवं होतं. एकेक गोष्ट तो उलटून-सुलटून विचारायचा. आणि बाळासोला कळत होतं की आपल्या डोक्यात इतकी वर्षं जे नुसतंच पडून होतं, त्याला आकार आहे, नावं आहेत, जगात कुठंतरी माणसं त्यावर वाद घालतायत. पन्हाळ्याची एस.टी. त्या दिवशी चुकली. पुढं रोजच चुकू लागली.

दीड वर्ष असं गेलं. दोघांनी मिळून संघासाठी जनावरांच्या नोंदींचा प्रोग्रॅम लिहिला. आराखडा शिवकुमारचा, जनावरं बाळासोची. म्हशीची फाईल बाळासोनं स्वतः लिहिली, मग गाईची. पण जावाच्या त्या नियमामुळं एक कटकट पाठीमागं लागली ती लागलीच. म्हशीकडं रेडकू मागितलं की लिहिलेलं तपासणाऱ्या कंपायलरच्या लेखी हातात पडायचं ते नुसतं 'जनावर'. म्हशीचं म्हणून त्याला काही विचारायचं असलं, तर आधी कंसात लिहून द्यावं लागे की बाबा, ही म्हैसच आहे. दोघं त्याला 'ग्वाही' म्हणायचे. पानोपानी ग्वाह्या झाल्या. "माझ्याच गोठ्यातल्या म्हशीची मीच ग्वाही द्यायची, ह्ये काय खरं न्हाय," बाळासो कुरकुरायचा, आणि शिवकुमार हसून म्हणायचा, "एक दिवस येईल, अण्णा. जगभरातनं मागणी आहे."

दोन हजार सालच्या जानेवारीत हातकणंगल्याला संघानं जनावरांचं प्रदर्शन भरवलं. त्यात प्रोग्रॅम दाखवायचा ठरलं. पसंत पडला तर तो साऱ्या तालुक्यांच्या केंद्रांवर जाणार होता आणि शिवकुमारला कोल्हापुरात पाय रोवायला जागा मिळणार होती. मांडवात टेबल, टेबलावर मशीन, समोर संघाचे मोठे साहेब विजयसिंह, आणि चहूकडं माणसं. पाच-सहा म्हशींचे नंबर घातले. आई, आजी, रेडकं, सगळं झरझर पडद्यावर आलं. लोक माना डोलवू लागले.

तेवढ्यात धोंडुबाई नावाची एक म्हातारी आपली गाय घेऊन पुढं आली. "माज्या गाईचं बी बघा की. हिचा खोंड तुमच्याच डाक्टरनी वळूसाठनं निवडलाय."

बाळासोनं नंबर घातला. पडदा क्षणभर थांबला आणि इंग्रजी ओळींनी भरला. प्रोग्रॅम बंद. त्या ओळींच्या सुरुवातीलाच इंग्रजी अक्षरांत 'म्हैस' असा शब्द होता. मांडवातल्या एकानं तो मोठ्यानं वाचला. "आरं तिच्या! गाईला रेडकू झालं!" आणि सगळा मांडव हसायला लागला. धोंडुबाई मात्र हसली नाही. ती चिडली. "माज्या गाईला काय म्हन्ता रं?"

 काय झालं ते बाळासोला पडद्याकडं बघताबघताच कळलं होतं. गाईची फाईल त्यानं म्हशीची फाईल उचलून केली होती. 'म्हैस' खोडायचं, 'गाय' लिहायचं, असं करत तो खाली उतरला होता, आणि नर पिल्लाच्या ओळीत एक 'म्हैस' तशीच राहिली होती. संघ नोंदी ठेवायचा कालवडींच्या. खोंडाची ओळ कुणी कधी चालवूनच बघितली नव्हती. आज ती चालली, पुढं 'ही गायच आहे' अशी ग्वाही दिलेली होती, आणि हातात आली म्हैस, म्हणून प्रोग्रॅम बंद पडला. कंपायलरही बोलला नव्हता. गाईच्या तोंडी शब्द 'जनावर' एवढाच होता, आणि म्हैस हेही जनावरच. तिथं 'गाय देईन' असं लिहायची मुभा असती, तर कंपायलरनं तिथल्या तिथं हात धरला असता.

"कुणाची कारागिरी ही?" विजयसिंह साहेबांनी विचारलं.

बाळासोनं तोंड उघडलं. त्याच्या आधी शिवकुमार म्हणाला, "माझी, साहेब. चूक माझी आहे."

बाळासोनं उघडलेलं तोंड मिटलं. संघातली नोकरी, टेबल, साहेबांचा राग, सगळं त्या एका श्वासात डोळ्यांपुढनं गेलं आणि तो गप्प राहिला. साहेब उठून वळूंच्या मांडवाकडं गेले. काम तिथंच संपलं.

पुढच्या दोन महिन्यांत बाळासो तीनदा क्लासवर गेला. एकदा वर्ग चालू होता. एकदा शिवकुमार घरमालकाशी बोलत होता. तिसऱ्यांदा तो पुस्तकं खोक्यांत भरत होता. "सर, ती ओळ..." बाळासोनं सुरुवात केली. "सोडा हो, अण्णा," शिवकुमार खोक्याला दोरी बांधता बांधता म्हणाला. त्याचं ध्यान दुसरीकडंच होतं. एप्रिलात तो बंगळुरूला गेला. सुरुवातीला दोन पत्रं आली. मग नंबर बदलला, पत्ता बदलला, आणि काहीच आलं नाही.

केंद्रांसाठी संघाला तो प्रोग्रॅम नको होता, पण बाळासोच्या टेबलावर तो चालायला कुणाची हरकत नव्हती. त्यानं ती ओळ दुरुस्त केली आणि अडतीस रजिस्टरं एकट्यानं आत घातली. काम पुरं झालं. पण संध्याकाळी पाच वाजले की त्याला चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं. दिवसभरात काहीतरी सुचलेलं असायचं, जिभेवर असायचं, आणि ते सांगायला अख्ख्या कोल्हापुरात माणूस नव्हतं. ऑफिसातल्या कृष्णातला त्यानं एकदा सांगून पाहिलं. कृष्णात भला माणूस. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "बाळू, तू जरा चार दिस रजा घे."

राजारामपुरीतनं जायचं काम नसलं तरी बाळासो आठव्या गल्लीवरनं चालत जायचा. क्लासच्या जागी शिंप्याचं दुकान झालं होतं. चहावाला तोच होता. तिथं उभा राहून तो एक चहा प्यायचा, आणि का कोण जाणे, निम्म्यातच ठेवून निघायचा.

शनिवारी दुपारी तो सायबर कॅफेत बसू लागला. जावा बनवणाऱ्यांच्या संकेतस्थळावर लोकांच्या मागण्या लिहिलेल्या असत. त्यात त्याला आपली मागणी सापडली. किती वर्षांपूर्वीची! कुठल्या कुठल्या देशांतली माणसं तेच विचारत होती. बोलीपेक्षा नेमकं दिलं तर काय बिघडतं? बाळासोनं ती सगळी पत्रं डिक्शनरी घेऊन वाचून काढली. त्या अनोळखी नावांचा त्याला जिव्हाळा वाटायला लागला. ह्यातला एक जरी राजारामपुरीत राहायला असता तर! शेवटी आपलंही नाव त्यानं त्या मागणीखाली नोंदवलं, आणि घरी जाताना रंकाळ्यापर्यंत उगाचच चालत गेला.

दोन हजार चारच्या दिवाळीच्या सुमाराला एका मासिकाबरोबर नव्या जावाची सीडी आली. बाळासोनं बदलांची यादी वरनं खाली वाचली. आणि ते होतं: बोलीपेक्षा नेमकं दिलं तरी आता चालेल. तीन-चार ओळींत, सहज म्हणून लिहिल्यासारखं.

दुसऱ्या दिवशी तो ऑफिसात सगळ्यांच्या आधी गेला. म्हशीची फाईल उघडली. 'पिल्लू मागितलं तर जनावर मिळेल' ह्या ओळीतला 'जनावर' खोडला आणि 'म्हैस' लिहिलं. कंपायलर काही बोलला नाही. मान्य होतं त्याला. मग गाईची फाईल. मग एकेक ग्वाही काढत गेला. एकशे बारा निघाल्या. सगळं झाल्यावर त्यानं गाईच्या नर पिल्लाच्या ओळीत जाणूनबुजून तीच जुनी चूक लिहिली. 'म्हैस.' आणि कळ दाबली.

कंपायलरनं ओळीच्या नंबरासकट ती चूक दाखवली. गाईकडनं म्हैस देता येणार नाही.

बाळासो त्या एका ओळीकडं बघत बसला. कृष्णात आला, पंखा लावला, "काय रं, डोळ्यांत काय गेलं?" म्हणाला, तरी तो तसाच होता.

संध्याकाळी घरी बनाबाई म्हशीच्या कासेला बसली होती. बायकोला ह्यातलं कधी काही सांगितलं नव्हतं. आज चरवीच्या आवाजावर तो बोलत गेला. बोली, जनावर, म्हैस, सगळं. बनाबाईनं हात न थांबवता ऐकलं.

"म्हंजे इतकी वर्सं म्हशीला म्हशीचंच रेडकू हुतंय ह्ये त्यास्नी मान्यच न्हवतं व्हय?"

"हुतं, पर लिवून घेत न्हवते."

"येडीच हाईत म्हणायची." मग चरवी उचलून ती म्हणाली, "त्या सरास्नी सांगा की. लई तळमळतासा त्यांच्यापायी."

बाळासोनं रविवारी गडहिंग्लजची गाडी धरली. तिथनं दुसरी. गावात शिवकुमारच्या वडिलांचं, शिवाप्पांचं घर विचारत गेला तर शिवकुमारची आई गंगव्वा ओट्यावर शेंगा फोडत बसलेली. "बर्री, कुंदर्री," या, बसा असं ती कानडीत म्हणाली आणि मग मराठीत आली. "कोल्हापूरचं पावणं काय? माझा शिवू तुमचं नाव घेत होता बघा. अण्णा, अण्णा म्हणून." शिवाप्पा शेतात होते. तिनं भाकरी खाल्ल्याशिवाय उठू दिलं नाही. पोराचा फोटो दाखवला. बंगळुरात मोठं घर, सून तिकडचीच, नातू झालेला. "वर्षात एकदा येतंय. फोन येतोय पण आधी लई बोलायचा, आता 'ऊटा झाला काय, जेवलीस काय' विचारतंय आणि ठेवतंय." असं म्हणून तिनं नंबर लिहिलेला कागद कोनाड्यातनं काढून दिला. 

सोमवारी दुपारी बाळासोनं बूथवरनं नंबर फिरवला.

"सर, मी बाळासो. कोल्हापूरचा."

"अण्णा! अरे, अण्णा!" आवाज तोच होता. 

"सर, आलं बघा. जावात आलं. म्हैस आता म्हैस दीती."

"काय म्हणालात?" मागं कुणाशी तरी दोन इंग्रजी वाक्यं झाली. बाळासोनं पुन्हा सांगितलं, भरभर, अडखळत. "हां हां," शिवकुमार म्हणाला, "कोव्हेरियन्स. आलं असेल, अण्णा. मी आता कोड बघत नाही. तीन वर्षं झाली. चाळीस माणसं आहेत हाताखाली, तीच बघतो."

बाळासोनं रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला. मग म्हणाला, "सर, हातकणंगल्याची ती ओळ माझी हुती. तुमी तुमच्यावर घेतली. मी बोललो न्हाय."

"कुठली ओळ?"

"प्रदर्शनात. प्रोग्रॅम बंद पडला की."

"हां, पडला होता खरा. लाईट गेलती ना?" शिवकुमार हसला. "जाऊ द्या हो. पण अण्णा, तुमच्या घरचा खरवस मी विसरलो नाही बघा. वहिनींनी डब्यातनं पाठवलेला. तसला इथं कुठं मिळत नाही."

खरवस कधी पाठवला होता ते बाळासोला काही केल्या आठवेना. "या की एकदा," तो म्हणाला. "येतो, नक्की येतो," शिवकुमार म्हणाला, आणि ते त्यानं मनापासून म्हटलं होतं. तो आला नाही. बूथच्या बाहेर येऊन बाळासो ऊन डोक्यावर घेत उभा राहिला. ज्या माणसाला सांगायला तो जवळजवळ पाच वर्षं थांबला होता, तो माणूस फोनवर होताही आणि नव्हताही. राग आला नाही. नुसतं पोकळ वाटलं, आणि आठव्या गल्लीतल्या त्या कोपऱ्याची आठवण पूर्वीपेक्षाही जास्त येऊ लागली.

दोन हजार आठमध्ये संघानं पुण्याच्या एका कंपनीचा प्रोग्रॅम घेतला. जुन्या नोंदी नव्यात न्यायला शांभवी नावाची मुलगी आली, चोवीस-पंचवीसची. बाळासोनं फायली उघडून दिल्या आणि बाजूला बसला. पोरगी वाचत गेली, आणि वाचता वाचता हसायला लागली. जिथं जिथं ग्वाही काढली होती तिथं त्यानं इंग्रजी अक्षरांत मराठी टीप लिहून ठेवली होती.

"काका, 'इथं म्हशीची ग्वाही होती, आता गरज नाही' म्हणजे काय?"

बाळासोनं खुर्ची पुढं ओढली. दोन दिवस तो बोलत होता आणि ती विचारत होती. जेवणाची सुट्टी झाली तरी दोघं उठेनात. कृष्णात दारातनं डोकावला आणि परत गेला.

"आमच्या भाषेत हे अजून नाही, काका," दुसऱ्या दिवशी ती म्हणाली. नवा प्रोग्रॅम वेगळ्या भाषेत होता. "इंटरफेसमध्ये जो प्रकार लिहिलाय तोच खाली लिहावा लागतो. तुमच्या ग्वाह्या मला परत घालाव्या लागणार."

"अजून न्हाय?"

"अजून नाही. मागणी आहे म्हणतात."

बाळासो हसला. वाईट वाटायला हवं होतं, पण दोन दिवसांच्या गप्पांपुढं ते फार लागलं नाही. संध्याकाळी त्यानं तिला पुण्याच्या गाडीत बसवून दिलं, ऑफिसचा पत्ता दिला, "काय अडलं तर लिव्ह" म्हणाला. तिनं हात हलवला. गाडी वळेपर्यंत तो स्टँडवर उभा होता.

मग त्यानं पन्हाळ्याची गाडी धरली. खिडकीशी जागा मिळाली. वडणगे फाट्याच्या पुढं त्याला आठवलं, एक गोष्ट विचारायची राहूनच गेली. देताना बोलीपेक्षा नेमकं दिलं तर चालतं. मग घेताना 'नेमकंच घेईन' म्हटलं तर का चालत नाही? जनावरांच्या डॉक्टरनं 'कुठलंही जनावर घेऊन या' अशी बोली केली, आणि कुणी गाय आणल्यावर 'मी फक्त म्हशीच बघतो' म्हटलं तर? केर्ली येईपर्यंत त्याचं त्यालाच उमगलं. गाय घेऊन आलेला माणूस दारातनं परत जाईल. बोली मोडली. देणाऱ्यानं नेमकं द्यावं, घेणाऱ्यानं मात्र मन मोठं ठेवावं.

त्यानं उजळल्या चेहऱ्यानं शेजारी पाहिलं. शेजारचा पावणा डोक्याला मफलर गुंडाळून झोपला होता. बाळासोनं एकदा घसा खाकरला. मग वाघबीळचा थांबा येईस्तोवर ते सगळं मनातल्या मनात पुन्हा एकदा, पहिल्यापासून, कुणाला तरी सांगत राहिला.